जांभळं लुगडं आणि बुधवारचा बाजार

सन १९३६, मे महिन्यातला तिसरा शनिवार, दुपारी तीन. जागा: आमच्या मुलींच्या शाळेची मागची खोली, जिथे तोवर मोडकी बाकं आणि फुटके फळे टाकलेले असत. हजर: शाळेच्या मोठ्या बाई, तांबट आळीतल्या तांबटवहिनी, त्यांची मुलगी चौथीत, पोस्टात कारकून असलेले भाऊ, त्यांच्या दोघी, दुसरीत आणि पाचवीत, शाळेसमोर यंत्र मांडून बसणारे शिंपीचाचा, त्यांची मुलगी तिसरीत, आणि मी, माझी धाकटी पाचवीत. गैरहजर: नक्की येते म्हणालेल्या अकरा जणी.

तो कागद अजून माझ्याजवळ आहे. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला. मला यादीशिवाय काम सुचत नाही. सासूबाई म्हणतात, ही नैवेद्याच्या ताटाचीही यादी करते आणि पदार्थ वाढला की त्यावर काट मारते. मारते खरी. मीठ एकदाही राहिलेलं नाही.

आम्ही जमलो होतो ते दोन बहिणी आणि एक परकर यांच्यासाठी.

मोठ्या बाईंना ते हजेरीबुकात दिसलं. तिसरीतली थोरली सोमवारी हजर असली की दुसरीतली धाकटी गैरहजर. मंगळवारी नेमकं उलट. वर्षभरात दोघी एकाच दिवशी शाळेत आल्या नव्हत्या. बाईंनी धाकटीला जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज माझी पाळी हाय परकराची." थोरलीच्या मापाचा तो परकर ती काखेपर्यंत वर घेऊन सुतळीनं बांधून येत असे.

त्यांची आई गोवऱ्या थापून विकायची. नवरा नव्हता. वणीकडचं माहेर, नाशकात गंगेपलीकडे (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) एक खोपटं. मोठ्या बाईंनी घरातला एक परकर तिच्यापुढे धरला, तशी ती उठून उभी राहिली. "आमी मागाया आलो नाय, बाई," एवढंच म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

पुढची गोष्ट अधिक अवघड होती. वर्गात जागा कमी, बाहेर थांबलेल्या मुली बऱ्याच. अर्धे दिवस येणाऱ्या मुलींची नावं जूनमध्ये शाळा उघडताच कमी करायची, असं वरून बाईंना सांगण्यात आलं होतं. बाईंनी ते आईला कळवलं. तिनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "मग थोरलीचं काढा. ती शेण गोळा करू लागंल. धाकटी रोज यील."

"थोरलीचं नाव मला काढायचं नाही," मोठ्या बाई आम्हाला म्हणाल्या. "धाकटीला जेवढे पाढे येतात तेवढे थोरलीनं शिकवलेत. घरी, चुलीपुढे, राखेत बोटानं लिहून."

शिंपीचाचा म्हणाले, "दान ती घेणार नाही. सौदा घेईल."

म्हणून दुकान निघालं. घरोघरी पडून असलेले चांगले कपडे, वरच्या वर्गात गेलेल्या मुलींची पुस्तकं, पाट्या, दप्तरं जमवायची, धुवायची, दुरुस्त करायची आणि विकायची. पहिला नियम मी तिथेच लिहिला: फुकट काही नाही, रोख काही नाही. ज्याला जे हवं त्यानं त्याच्या बदल्यात दुकानाला लागणारी वस्तू आणावी. पाणी तापवायला गोवऱ्या किंवा सरपण, धुवायला रिठे, खळीला तांदळाची कणी, नाहीतर एक दुपार बसून काजं-बटणं करावीत. वस्तू देणाऱ्यानं हवं तर दुकानातलीच दुसरी वस्तू न्यावी.

"हे तर बोहारणीचंच झालं," तांबटवहिनी म्हणाल्या. "तिला लुगडं दिलं की निदान पातेलं तरी मिळतं. तुमच्याकडून काय, दुसऱ्याचं लुगडं? तिच्या पोटावर पाय आणताय तुम्ही."

"आणि ती पातेली घेते कुणाकडून?" पोस्टातल्या भाऊंनी विचारलं.

"आमच्याकडूनच की! म्हणून तर म्हणते. मी इथे नवऱ्याच्या धंद्याविरुद्ध बसल्येय. घरी कळलं तर मलाच बोहारणीला देतील, आणि माझ्या बदल्यात धड झाकणसुद्धा मिळायचं नाही."

हसून झाल्यावर वहिनींनीच सर्वांत आधी हात वर केला. नवऱ्याच्या दुकानात विकली न गेलेली, पोचे पडलेली दोन मोठी घंगाळं त्यांनी देऊ केली. कपडे उकळायला. मी लिहून घेतलं.

दुसरा नियम त्याच संध्याकाळी झाला. सगळे गेल्यावर मी खोलीला कडी लावत होते, तर मधल्या आळीतल्या वैद्यांची सून भिंतीला धरून उभी. तिची मुलगी चौथी पास होऊन पाचवीत जाणार होती. वैद्यबुवांना वर्षापूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर रोगी दिसेनासे झाले होते, हे सर्वांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तिनं पदराखालून एक लुगडं काढलं. जांभळं, रुंद काठाचं, बारीक सुताचं. नेसलेलं होतं, पण फार थोड्या वेळा.

"पाचवीची पुस्तकं आली तर मुलीसाठी ठेवाल?" ती म्हणाली. "आणि हे माझ्याकडून आलं असं कुठे म्हणू नका. विकायला काढलं म्हणतील."

"कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. "शब्द देते."

घरी जाऊन मी यादीत घातलं: कोणती वस्तू कुणाकडून आली हे दुकानात कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही.

माझी चूक यानंतरची. ती मी एकटीनं, पूर्ण विचार करून केली.

चार दिवसांत पाच गाठोडी जमली. शाळेची विहीर मे महिन्यात तळाला गेलेली. एक कळशी भरायला पोहरा चार वेळा सोडावा लागे. शिंपीचाचांचं म्हणणं होतं की रोज थोडं थोडं इथेच उकळू. मी मनात हिशेब केला. असं आठ दिवस जातील. त्यापेक्षा गंगेवर नेलं तर एका सकाळी काम होतं. आणि बुधवारी न्यायचं, म्हणजे तिथेच घाटावर भरणाऱ्या बाजारात रिठे आणि कणी घेता येईल, हातगाडीही एकदाच करावी लागेल. यादीतली तीन कामं एका फेरीत उरकतात म्हणून मी खूश होते.

त्या बुधवारी अमावास्या होती. माझ्या यादीत तिथीचा रकाना नव्हता.

नाशिककराला हे सांगावं लागू नये, तरी सांगते. अमावास्येला गंगेवर गावोगावची माणसं आपल्या गेलेल्यांचं करायला येतात. विधी आटोपले की अंगावरचे, गाठोड्यातले कपडे तिथेच सोडून जातात, आणि ते गोळा करून नेणारेही असतात. सबंध गाव हे लहानपणापासून बघत आलेलं. आणि त्या दिवशी आम्ही तिघं, मी, तांबटवहिनी आणि रजा काढून आलेले पोस्टातले भाऊ, पायऱ्यांवर पाच गाठोडी सोडून बसलो: बायकांची लुगडी, पुरुषांचे सदरे, पोरींचे परकर, एक अंगरखा, म्हाताऱ्या माणसाची कानटोपी. धुतलं, पायऱ्यांवर वाळत टाकलं, दुपारी गोळा करून गाडीवर घातलं आणि भरल्या बाजारातून ढकलत शाळेत नेलं.

एक म्हातारा आमच्या गाडीला वाट द्यायला अगदी भिंतीशी जाऊन उभा राहिला होता. मला वाटलं, सज्जन माणूस आहे.

शुक्रवारी दुकान उघडलं. पहिली आली ती गोवरीवाली. भरलेली टोपली आधी कोपऱ्यात रिकामी केली, गोवऱ्या भिंतीशी नीट रचल्या, मग हात पुसून परकरांच्या ढिगाशी गेली. तिनं डाळिंबी रंगाचा एक परकर उचलला, उजेडात धरला, शिवण ओढून बघितली.

"ह्यो किती टोपल्यांचा?"

"दोन."

"एक आज आणली. दुसरी उद्या. परकर आजच नेऊ का उद्या?"

"आजच न्या."

"उद्या न्येते," ती म्हणाली, आणि शनिवारी दुसरी टोपली टाकून परकर घेऊन गेली. तो परकर माझ्याच धाकटीचा होता. मी बोलले नाही. नियम माझाच होता.

सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा तोच परकर उंबऱ्याबाहेर घडी करून ठेवलेला. गोवरीवाली चार हात लांब उभी.

"मापात बसला नाही का?"

"जरा लांब हाय, त्याचं काय नाय. पर नको आमाला."

"अहो, का?"

"मी वणीला भावाकडं गेले व्हते बुधवारची. काल बाजारातल्या बाया म्हणाल्या, समदं गंगेवरून उचलून आणलंय. मयताचं." तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जड गेलं. "गोवऱ्या राहू द्या. त्या परत नको. पर मेलेल्या पोरीचं म्या माझ्या पोरीच्या अंगावर घालायची नाय."

"अहो, हा माझ्या मुलीचा आहे! जिवंत आहे ती, आत्ता घरी भाकरी खात बसलीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमीच म्हणाला व्हता, कुणाचं ते सांगायचं नाय. आज बरं सांगताय."

मी वाकून परकर उचलला. ती जाताना म्हणाली, "मोठ्या बाईस्नी सांगा, थोरलीचं नाव काढा म्हणावं. पोर उगंच आशेला लागली." त्या दिवशी आणखी दोघी वस्तू परत ठेवून गेल्या. नवीन कुणी आलं नाही.

मंगळवारी आम्ही पुन्हा बसलो. हजर: सगळे. गैरहजर यादीत घालण्यासारखं आता कुणी उरलंच नव्हतं.

मी आधी चूक कबूल करून टाकली, म्हणजे त्यात वेळ जाऊ नये. पोस्टातले भाऊ म्हणाले, "चूक तिघांची. मीही तिथे होतो. मलाही अमावास्या दिसली नाही, आणि मी रोज तारखांचे शिक्के मारतो!"

"देणाऱ्यांची नावं सांगून टाकावी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नावं सांगायची नाहीत," मी म्हटलं. "शब्द दिलाय."

"सांगून तरी कोण मानणार?" शिंपीचाचा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. "या बाईंनी काल गोवरीवालीला सांगितलंच की, मानलं का? बोललेलं खोटं असू शकतं. माणूस आपल्या पोराच्या अंगावर घालतो ते खोटं नसतं. मी उद्या माझ्या पोरीला याच ढिगातला परकर घालतो. मुसलमानाच्या घरात कुणाचा कपडा आला, असं आमच्या शेजारचेही विचारतीलच. विचारू दे."

दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं आपल्या मुलीला घालायचं, ही गोष्ट आम्ही दुसऱ्यांसाठी किती सहज ठरवली होती, ते तेव्हा लक्षात आलं. मी कागद पुढे ओढला. उद्या बुधवार, पुन्हा बाजार. आम्ही पाचही घरं, मुलींसकट, दुकानातलेच कपडे घालून घाटावर जायचं. स्वतःच्या घरून आलेलं कुणी घालायचं नाही. आणि नेसू त्याचा मोबदला आपणही द्यायचा. तांबटवहिनींनी सरपण लिहून दिलं, भाऊंनी रिठे.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली.

"उतरलेलं नेसायला आपल्या घरात कोण मेलंय का?"

"कुणी मेलेलं नाही, हेच दाखवायचंय."

"आणि परत आल्यावर?"

"आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर."

"डोक्यावरून," त्या म्हणाल्या आणि माळ पुन्हा घेतली. एवढ्यावर सुटले.

बुधवारी सकाळी मी ढिगासमोर उभी राहिले. नेसायला तीन-चार लुगडी होती. मी जांभळं उचललं. सर्वांत चांगलं तेच होतं. ते नेसून गेलं तर दुकानातला माल टाकाऊ नाही हे लांबूनही दिसेल, असा माझा विचार. ते कुणाचं ते मला माहीत होतं. पण लुगड्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं, असंही मला वाटलं.

आम्ही निघालो. पोस्टातले भाऊ एका लठ्ठ वकिलांच्या कोटात होते, एकजण ओरडलाच, "भाऊ, आत आणखी कोण आहे?" तांबटवहिनी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्यात, शिंपीचाचा भाऊंच्या जाकिटात, मोठ्या बाई कुणाच्यातरी विटकरी शालीत. माझी धाकटी भाऊंच्या थोरलीचा परकर घालून तोंड फुगवून चालत होती. परत आलेला डाळिंबी परकर मी हातावर टाकला होता. बाजारातल्या बायका बघत होत्या, वाट देत होत्या, जरा जास्तच वाट देत होत्या. पलीकडे गोवऱ्यांच्या ढिगामागे ती उभी होती. दोघी मुली तिच्या बाजूला. थोरलीच्या अंगावर आईचं फाटकं लुगडं गुंडाळलेलं. परकराची पाळी त्या दिवशी धाकटीची असावी.

आणि मधेच बोहारीण उभी राहिली. भांड्यांची पाटी जमिनीवर, दोन्ही हात कमरेवर.

"थांबा बाई! ही कुणाकुणाची घरं लुटून चाललात?"

"लुटून नाही, मावशी. मोबदला देतो आम्ही."

"मोबदला! पंचवीस वर्षं मी दारोदार घसा कोरडा करते, आणि तुम्ही शाळेत बसून माझं गिऱ्हाईक पळवता."

मागून एक भाजीवाली म्हणाली, "जाऊ दे गं, तुझं काय पळवलं? ते मयताचं हाय समदं."

बोहारीण गर्रकन वळली. "मयताचं? कोण म्हणतं मयताचं? मयताचं कापड मी कधी पाटीला लावलंय का? मला जित्याचं-मेलेल्याचं कळत नाही?" तिच्या धंद्याच्या अकलेवरच कुणी बोट ठेवलं होतं, आणि ते तिला सोसेना. तिनं भाऊंच्या कोटाची बाही धरली. "हा कोट वकिलांचा! काखेत कसर लागलीय, बघा. मी घेणार होते, त्यांच्या बायकोनं घंगाळ मागितलं. या कोटाला घंगाळ? हे हिरवं या बाईंचंच, दिवाळीत मला दाखवून परत आत ठेवलं. शाल आचाऱ्याच्या आईची, म्हातारी ठणठणीत आहे, काल माझ्याशी भांडली. आणि हा डाळिंबी परकर!" तिनं तो माझ्या हातावरून ओढलाच. "हा यांच्या धाकटीचा. दोनदा मागितला मी. ही काय कार्टी समोर उभी! आता काय, तिला मेलेली म्हणता?"

माझी धाकटी तोंड फुगवायचं विसरून हसली. बाजारही हसला. मी गोवरीवालीकडे बघितलं. ती पुढे आली होती, गोवऱ्यांना वळसा घालून, मान पुढे काढून एकेक शब्द ऐकत होती.

मग बोहारणीची नजर माझ्या अंगावर आली.

मला कळलं, आता काय होणार. हात धरून तिला बाजूला घेता आलं असतं. "मावशी, पुरे," एवढं म्हटलं असतं तरी ती थांबली असती, निदान अडखळली असती. पण एकाच कापडाबद्दल थांबवलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, या एकाचंच काय लपवताय? आणि गोवरीवाली ऐकत होती. मी गप्प उभी राहिले. ठरवून गप्प राहिले.

"आणि हे जांभळं!" बोहारीण म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा उतरला. "हे मधल्या आळीतल्या वैद्यांच्या सुनेचं. चार पातेली आणि वर तांब्या देत होते मी. नाही म्हणाली. लग्नातलं आहे म्हणाली, हे नाही द्यायचं मावशी." तिनं काठावरून बोट फिरवलं. "तुम्हाला कसं दिलं?"

भाजी घेणाऱ्यांत त्या आळीतल्या दोघी होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

दुपारी गोवरीवाली दुकानात आली. थोरली तिच्या मागे. तिला अजून खात्री हवी होती आणि ती मागण्याचा तिला हक्क होता. दोन टोपल्या तिनं भरल्या होत्या. शिंपीचाचांनी डाळिंबी परकर तिच्यापुढे उलटा पसरला.

"बाजारातलं सोड, माई. हे बघ." परकराच्या घेराला, खालच्या बाजूनं, तीन फिक्या रेषा एकीवर एक होत्या. "वाढत्या पोरीसाठी आत दुमडी घालतात. पोर वाढली की एक सोडतात. ही पहिल्या वर्षाची, ही दुसऱ्या, ही तिसऱ्या. तिन्ही मीच सोडल्यात. पोर वाढली नसती तर कशाला सोडल्या असत्या?"

तिनं तिन्ही रेषांवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग परकर थोरलीच्या कमरेला लावून बघितला. चार बोटं लांब होत होता.

"दुमड घाला," ती म्हणाली. "दोन घाला. लय वाढायची हाय ती."

दुमडी घालायचा मोबदला म्हणून तिनं आणखी अर्धी टोपली आणली. मी नको म्हटलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी उभी होते. दोघी आल्या, एकत्र, हात धरून. मोठ्या बाईंनी हजेरी घेतली. थोरली म्हणाली, "हजर," आणि शेजारच्या वर्गातून धाकटीनं उगाच "हजर" म्हणून हाक दिली, तिचं नाव घ्यायच्या आधीच. मी यादीतल्या 'थोरलीचं नाव' या ओळीवर काट मारली.

दुकान चाललं, अजून चालतंय. बोहारणीशी तडजोड झाली: मुलांच्या मापाचं आमच्याकडे, बाकी सगळं तिच्याकडे, आणि तिच्याकडची न खपणारी फाटकी लुगडी ती आता आम्हाला पुसायची फडकी म्हणून देते. कपडे शाळेतच उकळतो. तांबटवहिनींच्या घंगाळांना आणखी पोचे पडलेत. खोलीत पंचांग टांगलंय.

वैद्यांच्या सुनेनं मला एक शब्द विचारला नाही. तिच्या मुलीची पाचवीची पुस्तकं मी मोठ्या बाईंच्या हाती पाठवली, ती तिनं घेतली, आणि आठ दिवसांनी बदल्यात रिठ्यांची पुरचुंडी आली. म्हणजे लुगडं तिनं मोबदल्यात धरलं नाही, किंवा आमचं देणं अंगावर राहू द्यायचं नाही असं ठरवलं. शाळेच्या वाटेवर ती दिसली की मी थांबते. ती पदर सावरून पलीकडच्या बाजूनं निघून जाते. आळीत महिनाभर काय काय बोललं गेलं ते तांबटवहिनींनी मला सांगायला सुरुवात केली होती. मी त्यांना कामाला लावलं.

एका मुलीचं नाव राहावं म्हणून मी दुसऱ्या बाईला दिलेला शब्द मोडला. पुन्हा तसाच बुधवार आला तर मी काय करीन? गप्पच राहीन असं वाटतं. म्हणूनच माफी मागायला जाणं अवघड आहे. "चुकून झालं" असं मला म्हणता येत नाही. दोनदा मधल्या आळीच्या तोंडापर्यंत गेले. एकदा मेथी घेऊन परत आले, एकदा काहीच न घेता.

लुगडं धुऊन, घडी करून, माझ्या पेटीत तळाशी ठेवलंय. त्यानंतर ते मी नेसले नाही, विकायलाही ठेवलं नाही.

आज शनिवार. त्या पहिल्या बैठकीला तीन वर्षं झाली. आजची यादी: खोलीच्या कौलांसाठी माणूस बघणे, झालं. कणी निवडणे, झालं. सहावीतल्या थोरलीच्या डाळिंबी परकराची शेवटची दुमड सोडवून घेणे. शिंपीचाचांनी सकाळीच सोडली, तिच्या घोट्यापर्यंत आला. मधल्या आळीत लुगडं घेऊन जाणे, आणि खरं ते सांगणे.

या ओळीवर काट नाही.